धडाम झालं, पण विमान दिसलं नाही: लढाऊ विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं अलिबागपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावरची आहेत. गोव्याचा दाबोळीचा नौदल तळ जवळ असल्यामुळे विमानं दिसतात, ऐकू येतात आणि मग प्रश्न पडतात. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरं मात्र जिथे लांबली तिथे लांबू दिली आहेत.

देवगडहून एक वाचक: भर दुपारी दोनदा मोठा आवाज झाला. कौलं थरथरली, खिडक्यांच्या काचा वाजल्या. आकाश निरभ्र होतं, विमान कुठेच नव्हतं. वाडीत कोणी म्हणालं सुरुंग, कोणी म्हणालं भूकंप. विमान असेल तर ते दिसायला नको का?

विमान न दिसणं हे विमानाच्या विरोधात जात नाही, उलट त्याच्याच बाजूने जातं. आवाजापेक्षा वेगाने जाणारं विमान स्वतःच्या आवाजाच्या पुढे असतं. ढोबळ हिशोब करून पाहा. दहा किलोमीटर उंचीवर हवा थंड असल्यामुळे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर असतो. विमान माख १.४ ने, म्हणजे आवाजाच्या १.४ पट, सेकंदाला ४२० मीटर वेगाने जात असेल, तर त्याचा धक्का जमिनीवर पोचेपर्यंत ते तुमच्या डोक्यावरून जाऊन २४ सेकंद झालेले असतात आणि ते दहा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. तिरकं अंतर झालं १४ किलोमीटर. तिथलं वीस मीटर लांबीचं विमान म्हणजे हात लांब करून धरलेला मोहरीचा दाणा. आवाज झाल्यावर सगळे डोक्यावर बघतात आणि चुकतात ते इथेच.

दुसरा गैरसमज याहून घट्ट बसलेला आहे. विमान आवाजाची मर्यादा ओलांडतं त्या एका क्षणी धडाम होतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. खाडीतून होडी वेगाने गेली की तिची लाट मागोमाग काठाला लागत जाते. आधी खालच्या जेटीला, मग वरच्या घाटाला. होडी चालू आहे तोवर लाट चालू. विमानाचा धक्काही असाच त्याच्या मागे ओढला जातो आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला एकेकदा ऐकू येतो. या पट्ट्याची रुंदी साधारणपणे उंचीच्या पाचपट धरतात. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचा पट्टा सुमारे पन्नास किलोमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना पंचवीस. किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत समुद्रावरून ते गेलं तरी देवगडला काचा वाजू शकतात. मात्र विमान उंचावर असेल आणि वेग माख १.१ च्या आसपासच असेल, तर खालच्या उबदार हवेत धक्का वर वळतो आणि जमिनीला लागतच नाही.

आता ओळखायचं कसं? विमानाचा धक्का बहुधा जोडीने येतो, धड्‌-धड्‌. एक नाकाचा, दुसरा शेपटीचा. लढाऊ विमान लहान असल्यामुळे दोघांत सेकंदाचा दहावा-पाचवा भागच असतो आणि पुष्कळांना तो एकच आवाज वाटतो. हा धक्का हवेतून येतो, म्हणून आधी काचा, पत्रे आणि कौलं वाजतात. पायाखालची जमीन शांत असते. खाणीतल्या सुरुंगाचा धक्का आधी जमिनीतून जाणवतो, आवाज मागून येतो, दिशा कळते आणि वेळही बहुधा ठरलेली असते. तेही काळ्या दगडाच्या खाणीत. जांभ्याचे चिरे यंत्राने कापतात, तिथे सुरुंगाचा प्रश्न नाही. भूकंपात टांगलेला दिवा हलतो, हंड्यातलं पाणी हलतं आणि हलणं काही सेकंद टिकतं. कोयनेच्या धक्क्यांची सवय असलेल्या चिपळूण-खेडच्या लोकांना हे सांगायला नको. समुद्रात नौदलाचा तोफांचा सराव असेल तर आवाज ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात.

पुढच्या वेळी घड्याळात सेकंदासकट वेळ टिपा आणि दहा-वीस किलोमीटरवरच्या ओळखीच्या माणसाला त्याची वेळ विचारा. दोन-तीन गावांच्या वेळा मिळाल्या की आवाज उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकला की एकाच ठिकाणाहून पसरला, ते कळतं. सरकला असेल तर विमान.

चिपळूणहून एक विद्यार्थी: स्क्वाड्रन म्हणजे नेमकी किती विमानं? कुठे १६ वाचतो, कुठे १८, कुठे २०. आणि विमानं निवृत्त झाली की स्क्वाड्रनचं काय होतं?

तिन्ही आकडे बरोबर आहेत. हवाई दलात लढाऊ स्क्वाड्रनचा नेहमीचा साचा म्हणजे एका आसनाची १६ आणि प्रशिक्षणासाठी दोन आसनांची २, एकूण १८. छत्तीस राफेल घेतली ती दोन स्क्वाड्रनसाठी, म्हणजे प्रत्येकी १८. त्यांत दोन आसनांची आठ असल्यामुळे १६ अधिक २ हा साचा तिथेही तंतोतंत बसत नाही. तेजसच्या पहिल्या दोन स्क्वाड्रनसाठी वीस-वीसची मागणी होती, १६ लढाऊ आणि ४ प्रशिक्षण. तेव्हा आकडा वाचताना तो कोणत्या विमानाचा, हे आधी बघावं.

कागदावरची १८ एकाच दिवशी उडत नाहीत. काही ठरावीक तासांच्या तपासणीत उघडलेली असतात, एखादं सुट्या भागाची वाट बघत असतं आणि एखादं मोठ्या दुरुस्तीला गेलेलं असतं. सुखोई असेल तर बहुधा आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला. म्हणून ‘मंजूर ४२ स्क्वाड्रन, प्रत्यक्षात २९’ ही तुलना वाचताना स्क्वाड्रनची संख्या ही अर्धीच माहिती आहे, असं आम्हाला वाटतं. त्यांतली किती विमानं सकाळी उडायला तयार असतात, हा उरलेला अर्धा भाग.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच या विषयाची खरी गोडी आहे. स्क्वाड्रन म्हणजे विमानं नव्हेत. तो एक क्रमांक असतो, एक चिन्ह असतं, ध्वज, नोंदवह्या आणि माणसं असतात. विमानं येतात आणि जातात. नौदलाची ३०० क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ बघा. १९६० मध्ये ती सी हॉक घेऊन उभी राहिली आणि १९७१ च्या युद्धात जुन्या विक्रांतवरून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. १९८३ मध्ये तिच्याकडे सी हॅरिअर आली. ११ मे २०१६ रोजी गोव्यात सी हॅरिअरला निरोप दिला आणि त्याच क्रमांकाखाली मिग-२९के उडू लागलं. तीन विमानं, तिन्ही वेगळी, वाघ मात्र तोच. तिची जोडीदार ३०३ ‘ब्लॅक पँथर्स’ ११ मे २०१३ ला मिग-२९केसाठीच गोव्यात स्थापन झाली.

जुनी विमानं गेली आणि नवी आली नाहीत, तर क्रमांक बाजूला ठेवतात. याला नंबर-प्लेट करणं म्हणतात. हवाई दलाची १७ क्रमांकाची ‘गोल्डन ॲरोज’ कारगिलच्या वेळी मिग-२१ उडवत होती. २०१६ मध्ये ती मिटली, १० सप्टेंबर २०१९ ला अंबाल्यात पुन्हा उभी झाली आणि बरोबर एका वर्षाने राफेल घेऊन कामाला लागली. मिग-२१ची अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला झाली, तेव्हा ‘पँथर्स’ ही २३ क्रमांकाची स्क्वाड्रन ती उडवत होती. तिच्या क्रमांकाकडेही याच नजरेने बघायला हवं.

गुहागरहून एक वाचक: समुद्रावरच्या जहाजांवर हल्ला करणं हे फक्त नौदलाचं काम का?

नाही. हवाई दलाची ६ क्रमांकाची ‘ड्रॅगन्स’ जामनगरहून सागरी जॅग्वार उडवते. तंजावरला २० जानेवारी २०२० पासून २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ आहे. तिची सुखोई पोटाखाली ब्राह्मोस क्षेपणास्त्र नेऊ शकतात. एक ब्राह्मोस सुमारे अडीच टनांचं, म्हणून एका विमानाला एकच.

शिरोड्याहून एक वाचक: किनाऱ्याला समांतर जाणारी विमानं दिसतात, पण ओळख पटायच्या आत निघून जातात. आधी काय बघावं?

दाबोळी ते शिरोडा सरळ रेषेत जेमतेम ४५ किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने ती तीन मिनिटांची वाट आहे. मालवण ८५ किलोमीटर, म्हणजे पावणेसहा मिनिटं. तुमच्या हातात पाच-सहा सेकंदच असतात, तेव्हा रंग आणि खुणा सोडून द्या आणि आकार बघा.

पहिला प्रश्न शेपट्या किती हा. दोन उभ्या शेपट्या दिसल्या की मिग-२९के किंवा सुखोई. सुखोई सुमारे २२ मीटर लांब, मिग सव्वासतरा. पण आकाशात लांबी मोजता येत नाही, म्हणून मागून बघा. सुखोईच्या दोन इंजिनांच्या मधून एक लांब काटा मागे आलेला असतो आणि पंखांच्या पुढे आणखी दोन छोटे पंख असतात. मिगला पुढचे छोटे पंख नाहीत. त्याच्या दोन इंजिनांमध्ये पोटाखाली रुंद फट दिसते.

एकच शेपटी, त्रिकोणी पंख, मागे आडवे पंख नाहीत आणि विमान लहानसर, तर तेजस. त्याची नौदल आवृत्ती दाबोळीला चाचण्यांसाठी उडत आली आहे. तिची स्क्वाड्रन नाही. एकच शेपटी, त्रिकोणी पंख आणि त्यांच्या पुढे छोटे पंख असतील तर राफेल. नौदलासाठी २६ राफेलचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, २२ एका आसनाची आणि ४ दोन आसनांची. त्यामुळे ही आकृती आताच डोळ्यात बसवून ठेवावी. राफेलचे पंख मिगसारखे दुमडत नाहीत. आकाशात हे कळणार नाही, जहाजावर मात्र जागेचा हिशोब त्यावर ठरतो.

सरळ पंख अंगाच्या वर बसवलेले आणि दोन पंखे गरगरताना दिसले तर ते डॉर्निअर, बरेचदा तटरक्षक दलाचं. करड्या रंगाचं विमान प्रवासी बोईंगसारखं दिसत असेल तर ते पी-८आय, समुद्रावर टेहळणी करणारं आणि पाणबुड्या शोधणारं. त्यांची ३१६ क्रमांकाची ‘कॉन्डॉर्स’ मार्च २०२२ पासून गोव्यात आहे.

फोटोत शेपटीवरचा क्रमांक वाचता आला तर तोही बोलतो. नौदलाच्या विमानांवर ‘आयएन’ आणि मग आकडे असतात. मिग-२९केचे ८०० च्या पुढचे, सी हॅरिअरचे ६०० च्या पुढचे. हवाई दलात आकड्यांआधी दोन अक्षरं येतात: सुखोईला ‘एसबी’, तेजसला ‘एलए’, सागरी जॅग्वारला ‘जेएम’.

मालवणहून एक वाचक: २०२३ च्या नौदल दिनाला तारकर्लीला विमानं अगदी जवळून पाहिली. तेव्हापासून प्रश्न आहे: एवढं जड विमान दोनशे मीटरच्या आत जहाजावरून उडतं कसं आणि उतरल्यावर थांबतं कसं?

उडण्यासाठी विक्रमादित्य आणि नवी विक्रांत या दोन्ही विमानवाहू जहाजांच्या पुढच्या टोकाला वर वळलेला उतार आहे, सुमारे १४ अंशांचा. निवृत्त झालेल्या विराट जहाजाचा १२ अंशांचा होता. विमान जागेवर उभं असताना चाकांपुढे डेकमधून अडसर वर येतात. वैमानिक दोन्ही इंजिनं पूर्ण जोरावर, ज्वाळेसकट नेतो आणि मग अडसर एकदम खाली जातात. टोकाशी पोचताना विमानाला उडण्याइतका वेग आलेला नसतो. हे पुष्कळांना पटत नाही. उतार त्याला वर भिरकावतो. त्या दोन-चार सेकंदांच्या झेपेत ते हवेत असतं, खाली आपटायला अवकाश असतो आणि इंजिनं वेग वाढवत असतात. जहाजही वाऱ्याच्या तोंडाला लागून पूर्ण वेगाने जात असतं. जहाजाचा वेग आणि समोरचा वारा मिळून २५-३० नॉट होतात आणि तेवढा वेग विमानाला फुकट मिळतो. वारा पडलेल्या दिवशी ओझं कमी करावं लागतं.

इथेच या पद्धतीची मर्यादा आहे. मिग-२९के जमिनीवरून साडेचोवीस टनांपर्यंत वजन घेऊन उठू शकतं, उतारावरून तेवढं जमत नाही. इंधन कमी करायचं की शस्त्रं, हा निर्णय प्रत्येक उड्डाणाआधी घ्यावा लागतो. वाफेने किंवा विजेने विमान ओढून फेकणारी यंत्रणा असलेल्या जहाजांना हा जाच कमी. राफेल नौदलासाठी निवडण्याआधी जानेवारी २०२२ मध्ये दाबोळीच्या जमिनीवरच्या उतारावरून ते उडवून बघितलं, ते याच कारणासाठी. विमान मुळात फ्रेंच जहाजावरून फेकलं जाण्यासाठी बनलेलं आहे.

उतरणं अधिक कठीण. डेकवर तीन पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा, म्हणजे हूक, त्यांतल्या एकाला अडकायला हवा. नेम मधल्या दोरावर. धावपट्टीवर उतरताना शेवटच्या क्षणी नाक उचलून विमान अलगद टेकवतात, तसं इथे करत नाहीत. ठरलेल्या कोनात ते सरळ डेकवर आपटवतात, म्हणून नौदलाच्या विमानाचे पाय जाडजूड असतात. आणि चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिनं बंद न करता पूर्ण जोरावर नेतो. आकडा दोरावरून उसळला किंवा चुकला तर पुढे डेक संपायला दोन सेकंदही नसतात. त्या वेळी जोर वाढवायला घेतला तर इंजिनाला वेग पकडायला लागणारा वेळच जीव घेईल. जोर आधीच असेल तर विमान तिरप्या डेकवरून पुन्हा हवेत जातं आणि वळसा घालून परत येतं. आकडा अडकला तर डेकखालची यंत्रणा दोर सोडत सोडत त्याला सुमारे ९० मीटरमध्ये उभं करते. मग सहाय्यकाची खूण झाली की वैमानिक जोर उतरवतो.

हा सगळा सराव आधी जमिनीवर होतो. दाबोळीला उतार आणि दोर दोन्ही उभारलेले आहेत. नौदल तेजस तिथे १३ सप्टेंबर २०१९ ला पहिल्यांदा दोरावर थांबलं आणि ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्यवर.

हर्णैहून एक ट्रॉलरमालक: आमच्या बोटींना दर हंगामाला जस्त लावावं लागतं, तरी खारं पाणी लोखंड खातं. ही विमानं जहाजावर उघड्यावर असतात. ती टिकतात कशी?

तुम्हाला जस्ताचं कारण ठाऊक आहे, म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याकडेच आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यांतला एक झिजतो. विमानाचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आणि बोल्ट पोलादाचे किंवा टायटॅनियमचे. इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याला लाल गंज येत नाही. रंगाखाली फुगवटा येतो आणि तो खरवडला की पांढरी भुकटी निघते. बोटीला लोखंडाऐवजी जस्ताचा बळी देता येतो कारण ती पाण्यात बुडालेली असते. विमानाला तो उपाय नाही. म्हणून जोडाच्या आधी दोन्ही भागांना प्रायमर, मध्ये ओला सीलंट आणि मग बोल्ट. चाकांच्या खोबणीत दिसणारा पिवळट-हिरवा रंग हा असा गंजरोधक प्रायमर असतो.

त्यानंतर धुणं. खाली उडून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुतात. पोटाखालच्या निचऱ्याच्या भोकांत तार फिरवतात, कारण भोक बुजलं तर आतल्या आत खारं पाणी साचतं. इंजिनही धुतात. प्रज्वलन न करता फक्त स्टार्टरने इंजिन फिरवायचं आणि तोंडातून क्षार काढलेलं पाणी फवारायचं. मीठ पंख्याच्या पात्यांवर बसलं तर इंजिनाची ताकद घटते. ते गरम भागापर्यंत गेलं तर इंधनातल्या गंधकाशी मिळून पात्यांचा लेप खातं.

धुण्यातही धोका आहे. हवेचा दाब मोजणारी बारीक भोकं आधी झाकावी लागतात आणि नंतर ते झाकण काढावंच लागतं. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोईंग ७५७ वर धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसत राहिले आणि विमान समुद्रात गेलं. ७० जण गेले. म्हणूनच अशा झाकणांना लांब लाल फडकी लावतात आणि उड्डाणाआधी ती मोजून हातात घेतात.

अलिबागहून एक वाचक: दोन इंजिनं असताना मिग-२९के पक्ष्यामुळे कसं पडतं?

१६ नोव्हेंबर २०१९ च्या गोव्यातल्या अपघाताविषयी तुम्ही विचारता आहात. पक्ष्यांचा थवा होता. एका इंजिनाने पेट घेतला आणि दुसरं विझलं. दोघे वैमानिक बाहेर फेकले जाऊन सुखरूप उतरले. एकट्या पक्ष्यासमोर दोन इंजिनं उपयोगी पडतात, थव्यासमोर नाही, कारण दोन्हींची तोंडं शेजारी शेजारी आहेत. किनाऱ्यावरच्या कोणत्याही विमानतळाजवळ उघड्यावर टाकलेला मासळीचा कचरा घारी गोळा करतो, ही गोष्ट ग्रामपंचायतींनी मनावर घ्यायला हवी.

रत्नागिरीहून एक वाचक: मिग-२९केचं १/७२ प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल घेतलं आहे. पावसाळ्यात करायला घेतलं तर रंग पांढुरका पडतो, डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांखाली) चंदेरी डाग येतात आणि विमान शेपटीवर बसतं. काय चुकतंय?

तिन्ही दोष वेगवेगळे आहेत.

शेपटीवर बसण्याचं कारण वजन. नाकात वजन भरायला हवं, साधारण १० ते १२ ग्रॅम. पण धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधी. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उत्तम. मात्र त्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने बसवू नका. बंद जागेत शिशावर त्याची हळूहळू प्रक्रिया होते, पांढरा क्षार तयार होऊन फुगतो आणि वर्षा-दोन वर्षांत नाक सांध्यावर उकलतं. इपॉक्सी वापरा. बसवल्यावर चाकांच्या जागी धड टेकवून तोल बघा, मगच सांधा बंद करा.

रंग पांढुरका पडतो तो लॅकरचा. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर हातात घेऊ नये. रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये तसे दिवस थोडेच मिळतात. त्या काळात पाण्याचा ॲक्रिलिक बरा. १५ ते २० पीएसआय दाब, पातळ थर, आणि दोन थरांमध्ये डब्यावर लिहिल्याच्या दुप्पट वेळ. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली नसेल तर आधी ती घ्या आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी रिकामी करा, नाहीतर नळीतून थेंब सरळ पंखावर येतो. पांढरं पडलेलं मॉडेल फेकू नका. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या थिनरचा एक अगदी हलका फवारा मारला की झाक बरीच जाते.

चंदेरी डाग म्हणजे डिकलखाली अडकलेली हवा. करडा रंग मॅट असतो, मॅट म्हणजे खडबडीत. आधी चकचकीत वार्निशचा थर द्या आणि एक दिवस वाळू द्या. डिकल कोमट पाण्यात १५-२० सेकंद ठेवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा आणि कागदावरून सरकवून बसवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी खारट असेल तर वाळल्यावर त्याचे ठिपके उमटतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, पेट्रोलपंपावर मिळतं. शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश.

पेटी दोन पावसाळे पडून असेल तर डिकलचा एक नको असलेला तुकडा आधी पाण्यात टाकून बघा. तो फुटला तर पूर्ण पानावर वार्निशचा पातळ थर देऊन रात्रभर वाळवा. त्यानंतर प्रत्येक खूण कात्रीने कडेलगत कापावी लागेल. पुढच्या वेळी डिकल झिपच्या पिशवीत सिलिका जेलची १० ग्रॅमची पुडी घालून ठेवा.

तयार मॉडेल २४ सेंटीमीटर लांब होईल. पंख उघडे ठेवलेत तर रुंदी साडेसोळाच्या थोडी वर आणि दुमडलेत तर पावणेअकरा. कपाट अरुंद असेल तर दुमडलेलेच करा. जहाजावर ते तसंच उभं असतं.

सावंतवाडीहून एक वाचक: सी हॅरिअर आता प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. सी हॉक आणि सी हॅरिअर दोन्ही तिथे उघड्यावर उभी आहेत, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’ची दोन युगं शेजारी शेजारी बघता येतात. कोकण रेल्वेने मडगावला उतरून वास्कोच्या बाजूला जावं. सी हॅरिअरच्या दोन्ही कुशींना दोन-दोन फिरत्या नळ्या आहेत, त्यांवर नजर ठेवा. सगळी जादू त्यांत. पुढच्या जोडीतून थंड हवा, मागच्या जोडीतून तापलेली. उभं उतरायला ताकद कमी पडू नये म्हणून इंजिनात पाणीही फवारायचे.

वेंगुर्ल्याहून एक वाचक: किनाऱ्यावरून विमानांचे फोटो काढताना कॅमेरा कसा लावावा? आणि काढायला परवानगी आहे का?

परवानगीचं आधी. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. तळ, धावपट्टी आणि कुंपणालगतची जागा इथे फोटो काढू नयेत. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अशा ठिकाणांना लागू होतो आणि प्रवासी विमानातून उतरताना खिडकीतून काढलेला फोटोही त्यात सापडू शकतो. सार्वजनिक प्रात्यक्षिक असेल तेव्हा मनसोक्त काढा. एरवी किनाऱ्यावरून दिसलेल्या विमानाचा फोटो वेळ आणि जागा लिहून लगेच टाकू नये. तणावाच्या काळात तर मुळीच नाही.

कॅमेऱ्याचं सोपं आहे. जेटला शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. हेलिकॉप्टरला उलट, १/१२५ च्या आसपास, नाहीतर पाती गोठून ते दोरीला टांगल्यासारखं दिसतं. भिंग ३०० मिलिमीटरपासून पुढे, फोकस सतत चालू. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, जमिनीच्या बाजूला असतो, तेव्हा समुद्रावरचं विमान उजळ मिळतं. दुपारनंतर नुसती काळी आकृती. परत आल्यावर भिंगापुढची काच कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण तिच्यावर चरे पाडतात. आधी डिस्टिल्ड वॉटरने ओलं केलेलं मऊ फडकं हलकेच टेकवून मीठ विरघळू द्या, मग टिपा.